काउंटी जेलमधला दिवस: व्यायाम, ऊन आणि न संपणारा वेळ

अमेरिकेत माणसाला कोंडून ठेवणाऱ्या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत, आणि त्यांतला फरक लक्षात घेतल्याशिवाय तिथल्या कैद्यांच्या व्यायामाचा किंवा करमणुकीचा प्रश्न नीट समजत नाही. गुन्हा सिद्ध होऊन लांब मुदतीची शिक्षा झालेले लोक राज्याच्या किंवा केंद्राच्या प्रिझनमध्ये जातात. काउंटी जेल ही त्याआधीची जागा. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग, आणि बहुतेक काउंट्यांत जेल चालवण्याची जबाबदारी मतदारांनी निवडून दिलेल्या शेरीफवर, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखावर असते. अटक झालेला माणूस प्रथम इथे येतो. जामीन झाला तर काही तासांत किंवा एकदोन दिवसांत बाहेर पडतो. जामीन नाकारला गेला किंवा जामिनाचे पैसे उभे करता आले नाहीत, तर खटल्याचा निकाल लागेपर्यंत इथेच राहतो. साधारण एक वर्षापर्यंतची शिक्षा झालेले लोकही याच इमारतीत ती भोगतात.

2022 च्या मध्याला अमेरिकेतील स्थानिक जेलमध्ये सुमारे 6 लाख 63 हजार लोक होते, आणि त्यांतल्या सुमारे 70 टक्के लोकांवरचा आरोप अजून सिद्ध व्हायचा होता. महाराष्ट्रातल्या तुरुंगांत ज्यांना कच्चे कैदी म्हणतात, तेच हे लोक. भारतातही तुरुंगातल्या दर चारांपैकी सुमारे तिघे याच अवस्थेत दिवस काढत असतात. त्यामुळे काउंटी जेलमध्ये कोणाला किती वेळ मोकळ्या हवेत सोडावे, हा प्रश्न मुख्यतः गुन्हेगारांना किती सवलती द्याव्यात असा नसतो. ज्याला कायदा आजही निर्दोष मानतो, अशा माणसाचे शरीर आणि मन खटला संपेपर्यंत शाबूत कसे ठेवावे, असा तो प्रश्न असतो.

या प्रश्नाची सगळी गुंतागुंत एका गोष्टीतून निर्माण झाली आहे: ही इमारत थोड्या मुक्कामासाठी बांधली जाते आणि काहींचा मुक्काम मात्र फार लांबतो. धर्मशाळेत कोणी दोन रात्रींऐवजी दोन वर्षे राहू लागला, तर तिथे अंगण का नाही, स्वयंपाकाची सोय का नाही, हे प्रश्न जसे एकाएकी उभे राहतील, तसेच इथे झाले आहे. जेलमधल्या मुक्कामाची राष्ट्रीय सरासरी महिन्याच्या आसपास असते, पण ही सरासरी फसवी आहे. अटक होऊन दुसऱ्या दिवशी सुटणाऱ्या असंख्य लोकांमुळे ती खाली येते, आणि खुनासारख्या गंभीर आरोपाखाली तीन-चार वर्षे निकालाची वाट पाहणारा माणूस त्या आकड्यात दिसतच नाही.

कॅलिफोर्नियात तर हा मुक्काम कायद्यानेच लांबवला. राज्यातली प्रिझन इतकी भरली होती की 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथली कैद्यांची संख्या मूळ क्षमतेच्या 137.5 टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचा आदेश कायम केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून राज्याने कमी गंभीर गुन्ह्यांच्या शिक्षा काउंटी जेलमध्ये भोगायला लावण्याची पद्धत सुरू केली. राज्याच्या तुरुंगांवरचा भार त्यामुळे कमी झाला, पण ज्या जेलमध्ये पूर्वी जास्तीत जास्त वर्षभराची शिक्षा भोगली जात असे, तिथे कित्येक वर्षांची शिक्षा झालेले लोक येऊन राहू लागले. इमारती मात्र होत्या त्याच राहिल्या.

दिवस कसा जातो

जेलमधला दिवस फार लवकर सुरू होतो. न्याहारी बहुतेक ठिकाणी पहाटे चार ते सहाच्या दरम्यान येते, कारण ज्यांची त्या दिवशी तारीख असते त्यांना खायला घालून, कपडे तपासून, बेड्या घालून न्यायालयाच्या बसमध्ये बसवायचे असते. ही माणसे न्यायालयाच्या तळघरातल्या कोठडीत तासन्‌तास बसतात, न्यायाधीशांसमोर कदाचित पाच मिनिटे उभी राहतात आणि संध्याकाळी परत येतात. त्या दिवशी त्यांच्या गटाची व्यायामाची पाळी होऊन गेलेली असली, तर ती बहुधा बुडालीच. वकिलाची भेट, दवाखान्याची पाळी आणि मोकळी हवा यांत एकच निवडायची वेळ येणे ही तिथली नेहमीची गोष्ट आहे, आणि नियमावलीत लिहिलेले तास व हाती पडलेले तास यांत फरक पडण्याचे हे एक साधे कारण आहे.

नव्या पद्धतीच्या जेलची रचना पॉडच्या स्वरूपाची असते. मधोमध एक मोठे दालन, त्याला डे-रूम म्हणतात. त्याच्या भोवती दोन मजल्यांवर कोठड्या. दालनात जमिनीला घट्ट बसवलेली पोलादी टेबले आणि बाके, भिंतीवर उंचावर टीव्ही, एका बाजूला फोनची रांग, दुसऱ्या बाजूला अंघोळीच्या जागा. कोठडीत दोन माणसांसाठी एकावर एक अशी झोपायची फळी, एक संडास, एक छोटे बेसिन आणि एक अरुंद खिडकी, तीही पुष्कळदा धुरकट काचेची. पूर्वीच्या जेलमध्ये शिपाई बाहेरच्या व्हरांड्यातून गजांआडच्या माणसांवर नजर ठेवत असे. 1970 च्या दशकात काही केंद्रीय जेलमध्ये शिपायाने पॉडमध्येच, कैद्यांच्या सोबत बसण्याची पद्धत आली, आणि 1981 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मार्टिनेझ येथे काँट्रा कोस्टा काउंटीने ती प्रथमच काउंटी जेलमध्ये आणली. माणूस समोर असला की भांडण पेटण्याआधी कळते, कोण दोन दिवस जेवलेला नाही हे दिसते, आणि त्यामुळे लोकांना कोठडीबाहेर जास्त वेळ ठेवणे शक्य होते, हा त्यामागचा विचार होता.

दिवसातून अनेकदा मोजणी होते, आणि मोजणीच्या वेळी प्रत्येकाने आपल्या कोठडीत, आपल्या फळीपाशी असावे लागते. आकडा जुळला नाही तर पुन्हा मोजणी, आणि तोवर सगळे बंद. जेवणाबाबत कॅलिफोर्नियाचा राज्य नियम सांगतो की चोवीस तासांत तीन जेवणे द्यावीत, त्यांतल्या किमान एकात गरम अन्न असावे, खायला निदान पंधरा मिनिटे मिळावीत आणि दोन जेवणांत चौदा तासांहून अधिक अंतर पडत असेल तर मध्ये काहीतरी खायला द्यावे. अंघोळ निदान एक दिवसाआड, वरचे कपडे आठवड्यातून एकदा बदलून, आतले कपडे आणि मोजे दोनदा. बाहेर आपण ज्या गोष्टींचा विचारही करत नाही, त्या प्रत्येक गोष्टीला तिथे असा एक लेखी किमान आकडा असतो, आणि तो किमान आकडाच पुष्कळ ठिकाणी कमाल होऊन बसतो.

व्यायामाचा नियम काय सांगतो

अमेरिकेत सगळ्या काउंटी जेलना लागू होईल असा व्यायामाचा एकच राष्ट्रीय नियम नाही. प्रत्येक राज्य आपला किमान दर्जा ठरवते. टेक्सासमध्ये आठवड्यातून किमान तीन दिवस एकेक तास देखरेखीखाली व्यायाम किंवा खेळ मिळावा असा नियम आहे. कॅलिफोर्नियात सात दिवसांत मिळून किमान तीन तास व्यायाम, आणि सुधारित नियमांनुसार मनोरंजनाचे सात तास धरून आठवड्याला किमान दहा तास कोठडीबाहेर, असा हिशेब आहे. तिथली नियमावली व्यायाम आणि मनोरंजन यांत भेद करते. शरीराच्या मोठ्या स्नायूंना कष्ट पडतील ती हालचाल म्हणजे व्यायाम. टीव्ही, वाचन, पत्ते, पटावरचे खेळ, पत्रलेखन अशा मन गुंतवणाऱ्या गोष्टी म्हणजे मनोरंजन. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण डे-रूममध्ये बाकावर बसून टीव्ही पाहण्याचे तास व्यायामाच्या खात्यात धरता येऊ नयेत.

आठवड्याचे तास 168 असतात. त्यांतले दहा बाहेर, याचा अर्थ उरलेले 158 तास एका लहान खोलीत, बहुधा एका अनोळखी माणसाबरोबर आणि उघड्या संडासासोबत. पुष्कळ जेल यापेक्षा बराच जास्त वेळ देतात, हेही सांगितले पाहिजे. शांत पॉडमध्ये दिवसाचे कित्येक तास डे-रूम खुली असते. पण मनुष्यबळ कमी पडले, मारामारी झाली किंवा साथ आली की सर्वांत आधी काट बसते ती याच वेळेला. यार्डात, म्हणजे व्यायामाच्या मोकळ्या आवारात, माणसे सोडायची तर त्यांना नेणारे, तिथे उभे राहणारे आणि परत आणताना झडती घेणारे डेप्युटी, म्हणजे शेरीफचे शिपाई लागतात. डेप्युटी नसले तर यार्ड रद्द होते, आणि रद्द झालेला तास सहसा भरून मिळत नाही. 2020 च्या साथीत हेच मोठ्या प्रमाणावर झाले. एकीकडे लोक दिवसाचा बहुतेक वेळ कोठडीत बंद राहिले आणि दुसरीकडे खटल्यांची सुनावणी थांबल्यामुळे त्यांचा मुक्कामही वाढला.

वेगळे ठेवलेल्यांची गत आणखी अवघड असते. कोणाला इतरांपासून धोका असतो, कोणाचा इतरांना धोका असतो, कोणी मानसिक आजाराने बेजार असतो. अशांना एकेकट्याने बाहेर काढावे लागते. समजा अशा वीस लोकांसाठी एकच मोकळी जागा आहे आणि प्रत्येकाला एकेक तास द्यायचा आहे, तर वीस तास झाले, आणि मोजणी व जेवणे मध्ये आली की कोणाची तरी पाळी रात्री दोन-तीनला येणारच. कागदावर त्याला त्याचा तास मिळालेला असतो. झोपेतून उठून, थंडीत, एकट्याने पिंजऱ्यात फेऱ्या मारायच्या की झोपून राहायचे, हे त्याने ठरवायचे असते. तो झोपून राहिला तर नोंद होते ती ‘नकार दिला’ अशी. स्त्रियांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. जेलमधल्या दर सात माणसांत साधारण एक स्त्री असते. संख्या कमी म्हणून त्यांना स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र वर्गही पुष्कळदा कमी मिळतात, आणि पुरुषांचे सगळे गट आटोपल्यावर त्यांचा नंबर लागतो.

संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांत, बाहेर काम करत नसलेल्या प्रत्येक कैद्याला हवामान अनुकूल असेल तर रोज किमान एक तास मोकळ्या हवेत व्यायाम मिळावा असे म्हटले आहे. अमेरिकेतल्या काउंटीवर हे नियम बंधनकारक नाहीत. तिथे बंधनकारक आहे ती राज्यघटना, आणि तिचा अर्थ न्यायालयांनी खटल्यागणिक लावला आहे. शिक्षा झालेल्यांना क्रूर आणि असाधारण शिक्षेपासून संरक्षण देणारी आठवी घटनादुरुस्ती लागू होते. खटला चालू असलेल्यांना चौदावी घटनादुरुस्ती लागू होते, आणि 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अशा माणसाला ठेवण्याची परिस्थिती शिक्षेचे रूप घेऊ शकत नाही. पुढे 1991 च्या एका निकालात मानवी गरजांची उदाहरणे देताना त्याच न्यायालयाने अन्न आणि ऊब यांच्या जोडीला व्यायामाचे नाव घेतले. व्यायाम ही चैनीची बाब नसून गरजेची आहे, एवढे यातून ठरले. मात्र तो उघड्यावरच मिळाला पाहिजे का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

सॅन ब्रुनोचे ऊन

हा प्रश्न नेमका कसा निर्माण होतो हे पाहायचे असेल तर सॅन फ्रान्सिस्कोच्या जेलकडे पाहावे. शहरात जागा नाही म्हणून या काउंटीचे मोठे जेल शहराबाहेर, दक्षिणेला सॅन ब्रुनो इथल्या टेकड्यांवर आहे. 1934 सालची जुनी इमारत मोडकळीला आल्यावर 2006 मध्ये तिथेच नवी, पॉडच्या रचनेची इमारत सुरू झाली. ती स्वच्छ, आधुनिक आणि सुरक्षित होती. पण तिच्यात उघडे यार्ड नव्हते. पॉडला जोडून व्यायामाच्या खोल्या होत्या, आणि बाहेरची हवा तिथे भिंतीतल्या जाळीतून येत असे. वारा यायचा, उजेडही यायचा. अंगावर थेट ऊन पडायचे नाही.

काही दिवसांसाठी आलेल्या माणसाला हे जाणवणारही नाही. परंतु तिथे कित्येक वर्षे खटल्याची वाट पाहणारे लोक होते, आणि त्यांनी फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायालयात दावा केला. 2021 मध्ये फेडरल अपील न्यायालयाने त्यांना तातडीचा दिलासा नाकारला. उघड्यावरच्या व्यायामाचा सरसकट हक्क नाही, आतमध्ये मिळणारा व्यायाम आणि कोठडीबाहेरचा एकूण वेळ अर्थपूर्ण आहे की नाही हे पाहावे लागते, असा त्या निकालाचा आशय होता. मग खटला पूर्ण चालला, वैद्यकीय तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, आणि 2023 मध्ये खालच्या न्यायालयाने निकाल दिला की वर्षानुवर्षे माणसाला उन्हापासून पूर्ण वंचित ठेवणे घटनेत बसत नाही. एक वर्षाहून अधिक काळ तिथे असलेल्यांना रोज किमान पंधरा मिनिटे थेट ऊन मिळावे असा आदेश झाला.

या निकालातला वर्षाचा उंबरठा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एखादी परिस्थिती घटनाबाह्य आहे की नाही हे केवळ खोलीवरून ठरत नाही, त्या खोलीत घालवलेल्या काळावरून ठरते, हे न्यायालयाने त्यात मान्य केले. आणि तरीही, रोजच्या पंधरा मिनिटांच्या उन्हासाठी तज्ज्ञांच्या साक्षी व्हाव्या लागल्या आणि कित्येक वर्षे खर्ची पडली, हे वाचताना जीव कळवळतो. उन्हाचा संबंध ड जीवनसत्त्वापुरता नाही. दिवसाचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचे घड्याळ जुळते. तो नसला, त्यात रात्रभर मंद दिवा जळत राहिला आणि न्याहारी पहाटे चारला आली, की झोपेची घडी पार विस्कटते. हालचाल बंद झाली की रक्तदाब आणि साखर वाढते. स्थानिक जेलमधल्या मृत्यूंच्या कारणांत आत्महत्या हे एकटे सर्वांत मोठे कारण अनेक वर्षे राहिले आहे, आणि त्यांतल्या पुष्कळ आत्महत्या अटकेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत-आठवड्यांत होतात. म्हणून नव्याने आलेल्या माणसाला कोठडीतून बाहेर काढणे, लोकांत बसवणे आणि चालायला लावणे या गोष्टी त्याच्या जिवाशी निगडित आहेत.

याच सॅन ब्रुनोच्या जागेवर 1984 मध्ये कॅथरीन स्नीड या समुपदेशक बाईंनी जेलच्या जमिनीवर कैद्यांकडून भाजीपाल्याची बाग फुलवून घेतली होती. माणसे उन्हात कुदळ चालवत, रोपे लावत, पिकवलेले अन्न गरजूंपर्यंत पोहोचत असे. सुटल्यावर तेच काम बाहेरही करता यावे म्हणून त्यांनी 1992 मध्ये गार्डन प्रोजेक्ट सुरू केला. मोकळी जमीन तिथे होती आणि आहे. पण बांधकामाचा आराखडा एकदा पक्का झाला की तिथपर्यंत माणूस नेणे अवघड होऊन बसते.

चौसष्ट घरे, बावन्न पत्ते

यार्ड असले तरी त्यात फार काही नसते. काँक्रीटची जमीन, उंच भिंती, वर जाळी, बास्केटबॉलची एखादी रिंग, कुठे हँडबॉल खेळायला सपाट भिंत, कुठे लोंबकळायला लोखंडी दांडी. वजने बहुधा नसतातच. 1990 च्या दशकात कैद्यांना ‘सुखसोयी’ नकोत अशी राजकीय लाट आली, आणि केंद्रीय तुरुंगांसाठी नवी वजने खरेदी करायला 1996 मध्ये अमेरिकी संसदेने मनाई केली. काउंटी जेलमध्ये जागेची टंचाई आणि लोखंडाचे हत्यार होण्याची भीती ही कारणे आधीपासून होतीच. म्हणून जेलमधला व्यायाम मुख्यतः स्वतःच्या अंगाच्या वजनावर चालतो: जोर, बैठका, फळीच्या कडेला धरून ओढ, आणि बर्पी, म्हणजे खाली बसून, जोराच्या स्थितीत जाऊन पुन्हा उडी मारत उभे राहणे. बर्पीला माणसाच्या उंचीएवढी जागा पुरते, आणि दोन माणसांच्या कोठडीत तेवढीच असते.

पत्त्यांच्या कॅटवरचा एक व्यायामप्रकार सगळीकडे चालतो. बावन्न पानांचा कॅट पालथा ठेवायचा आणि एकेक पान उलटायचे. जेवढा आकडा तेवढे जोर. राजा, राणी, गुलाम निघाला तर दहा. एक्का म्हणजे एक. संपूर्ण कॅट संपला की जोर होतात 340. नवखा माणूस पहिल्याच दिवशी एवढे काढू शकत नाही, म्हणून दोघे मिळून आळीपाळीने पाने उलटतात, आणि ज्याचा दम संपतो त्याची पाने दुसरा पुरी करतो. पायांत बहुधा जेलने दिलेले सपाट चप्पलवजा बूट असतात, घाम पुसायला एकच टॉवेल असतो, आणि अंघोळीची पाळी दुसऱ्या दिवशी असली तर बेसिनच्या पाण्यावर भागवावे लागते.

करमणुकीत टीव्ही सगळ्यांत मोठा आणि भांडणाचे मूळही तोच. कोणते चॅनेल लावायचे यावरून मारामाऱ्या होतात. पत्ते, डॉमिनो आणि बुद्धिबळ यांना खरी प्रतिष्ठा आहे. दुसऱ्याच्या कोठडीत जाण्याची मुभा नसते, तरी दोघे खिडकीपाशी बसून, घरांना आकडे देऊन, ओरडून खेळी सांगतात आणि आपापल्या पटावर सोंगट्या हलवतात. शिकागोच्या कुक काउंटी जेलमध्ये 2012 पासून बुद्धिबळाचे रीतसर वर्ग चालतात, आणि त्या शेरीफच्या कार्यालयाने जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या सोबतीने निरनिराळ्या देशांतल्या कैद्यांची ऑनलाइन स्पर्धा उभी केली. मराठी वाचकाला आनंद वाटेल अशी गोष्ट म्हणजे 2023 मध्ये या स्पर्धेत पुण्याच्या येरवडा कारागृहातल्या बंदिवानांच्या संघाने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. दोन तुरुंगांची परिस्थिती कितीही निराळी असो, पटावर बसलेल्या माणसाला पुढच्या चार चालींचा विचार करावा लागतो. तेवढा वेळ तरी त्याचे मन खटल्याच्या तारखेभोवती घुटमळत नाही.

वाचनासाठी बहुतेक ठिकाणी पुस्तकांची गाडी फिरते किंवा लहानसे ग्रंथालय असते. कडक पुठ्ठा बांधणीचे पुस्तक हत्यार होऊ शकते म्हणून साध्या बांधणीचीच पुस्तके चालतात, आणि ती पुष्कळदा थेट दुकानातून किंवा प्रकाशकाकडूनच यावी लागतात. घरून पार्सल करून पाठवलेले पुस्तक परत जाते. शिक्षणाची सोय काउंटीगणिक बदलते. सॅन फ्रान्सिस्कोच्या शेरीफ खात्याने 2003 मध्ये जेलच्या आतच फाइव्ह कीज नावाची प्रौढांची माध्यमिक शाळा काढली, जिथे अर्धवट सुटलेले शिक्षण पूर्ण करून खरे प्रमाणपत्र मिळते. जिथे मुक्काम कधी संपेल हे कोणालाच ठाऊक नसते तिथे शाळा चालवणे सोपे नाही. उद्या सुटेल किंवा उद्या दुसरीकडे हलवला जाईल असा विद्यार्थी समोर ठेवून अभ्यासक्रम लहान लहान तुकड्यांत बसवावा लागतो. अलीकडे अनेक जेलमध्ये टॅब्लेट आले आहेत. त्यांवर पुस्तके, सिनेमे, धडे आणि संदेश मिळतात, पण काही काउंट्यांत मिनिटागणिक पैसे पडतात. टॅब्लेट हाती आहे म्हणून यार्ड बंद ठेवायला हरकत नाही, असा समज रूढ होण्याचा धोकाही खरा आहे.

स्वयंपाकघर, धुलाई आणि साफसफाई ही कामे बरीचशी कैदीच करतात. अशा विश्वासू कैद्यांना ट्रस्टी म्हणतात. मोबदला नाममात्र किंवा शून्य असतो, तरी कामासाठी रांग असते, कारण काम म्हणजे कोठडीबाहेरचे आठ तास.

कमिसरी आणि मुलाखत

रात्रीचे जेवण दुपारी चार-पाचलाच होते, त्यामुळे रात्रीच्या भुकेला कमिसरीचा आधार असतो. कमिसरी म्हणजे आतले दुकान: घरच्यांनी खात्यावर भरलेल्या पैशांतून आठवड्याला ठरावीक रकमेपर्यंत नूडल्स, चिप्स, कॉफी, साबण, पाकिटे, क्वचित व्यायामाचे बूट मागवता येतात. नूडल्सच्या पाकिटाला तिथे चलनाची किंमत आहे. केस कापणे, चित्र काढून देणे, पत्र लिहून देणे यांचा मोबदला पाकिटांत दिला जातो. शनिवारी-रविवारी तीन-चार जण आपापली पाकिटे एकत्र करतात. नूडल्स चुरून चिप्सच्या पिशवीत भरायचे, नळाचे शक्य तितके गरम पाणी ओतायचे, पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवायची, आणि मऊ झाल्यावर वरून चिप्सचा चुरा, लोणच्याचे तुकडे, मिळाले तर मांसाचा तुकडा घालून वाटून खायचे. याला स्प्रेड म्हणतात. वाढदिवस, निकालाची आदली रात्र, कोणाची सुटका, हे सगळे स्प्रेडवरच साजरे होते. ज्याच्या खात्यावर कोणी पैसे भरत नाही त्याला यात बसवून घेतले जाते की नाही, यावरून त्या पॉडचा स्वभाव कळतो.

कॅलिफोर्नियात कमिसरीचा नफा कैद्यांच्या कल्याणनिधीत जातो आणि त्यातून पुस्तके, खेळाचे साहित्य, वर्ग यांचा खर्च होतो. वरवर हे योग्य वाटते, पण तो पैसा मुळात कैद्यांच्या घरच्यांनी, म्हणजे बहुधा गरीब कुटुंबांनी, बाजारभावापेक्षा जास्त दराने खरेदी करून दिलेला असतो. सॅन फ्रान्सिस्कोने हे ओळखून 2020 च्या सुमारास कमिसरीवरची नफ्याची आकारणी बंद केली आणि जेलमधून होणारे फोन मोफत केले. इतरत्र फोनचे दर हा दीर्घ वादाचा विषय आहे. 2023 मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने दूरसंचार आयोगाला हे दर बांधून देण्याचे व्यापक अधिकार दिले.

मुलाखतीबाबत कॅलिफोर्नियाच्या मोठ्या जेलसाठी आठवड्यातून दोन भेटी, मिळून निदान एक तास, असा किमान नियम आहे. भेट बहुधा काचेआडून होते. खटला चालू असलेल्यांना हात धरून, मूल मांडीवर घेऊन भेटण्याचा घटनात्मक हक्क नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या जेलच्या खटल्यात दिला. पुढे व्हिडिओ भेटी आल्या. दूरच्या नातेवाइकाला त्या सोयीच्या आहेत, मात्र काही जेलनी व्हिडिओ आल्यावर प्रत्यक्ष भेटच बंद केली.

या सगळ्यात शेरीफ कोण आहे याला फार महत्त्व असते. ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीत शेरीफ जो अर्पायो यांनी 1993 मध्ये वाळवंटातल्या उन्हात तंबूंचे जेल उभारले, कैद्यांना गुलाबी अंतर्वस्त्रे घालायला लावली आणि या कडकपणाची जाहिरात करून ते पुन्हा पुन्हा निवडून आले. त्याच काउंटीच्या जेलबाबत 2010 मध्ये अपील न्यायालयाला सांगावे लागले की मानसिक आजाराची औषधे घेणाऱ्यांना 85 अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त तापमानात ठेवता येणार नाही, कारण त्या औषधांमुळे शरीराला उष्णता सोसत नाही. तंबू 2017 मध्ये नव्या शेरीफने बंद केले. थोडक्यात, सॅन ब्रुनोत ऊन मिळत नव्हते म्हणून माणसे न्यायालयात गेली आणि मॅरिकोपात उष्णता सोसत नव्हती म्हणून. दोन्हीकडे मागणी एकच होती, की खटल्याची वाट पाहताना शरीराची नासाडी होऊ नये.

घरचे माणूस आत असेल तर

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबावर असा प्रसंग आला, तर काही गोष्टी पहिल्या दिवसापासून ठाऊक असलेल्या बऱ्या. भारतीय नागरिकाला अटक झाल्यावर आपल्या वाणिज्य दूतावासाला कळवण्याची मागणी करण्याचा हक्क व्हिएन्ना करारानुसार आहे. शाकाहार धार्मिक श्रद्धेचा भाग असेल, तर तसे जेवण लेखी अर्जाने मागावे. 2000 सालच्या एका केंद्रीय कायद्याने कैद्यांच्या धार्मिक आचरणाला संरक्षण दिले आहे आणि तो काउंटी जेललाही लागू पडतो. तोंडी सांगितलेली गोष्ट पाळी बदलली की हवेत विरते, म्हणून औषधे, जेवण आणि व्यायाम या तिन्हींबाबत कागद हवा.

व्यायामाचे तास बुडत असतील तर आतल्या माणसाने तारीखवार नोंद ठेवावी: कोणत्या दिवशी यार्ड मिळाले, किती मिनिटे, रद्द झाले तर काय कारण सांगितले, आणि आपण ‘नकार’ दिलेला नसताना तशी नोंद झाली का. मग जेलच्या तक्रार अर्जावर लेखी तक्रार करावी, तिची प्रत जपून ठेवावी, आणि उत्तर नकारार्थी आले तर तिथल्या तिथे अपील करावे. 1996 च्या केंद्रीय कायद्यानुसार जेलच्या आतील तक्रारीचे सर्व टप्पे पूर्ण केल्याशिवाय परिस्थितीबाबतचा दावा फेडरल न्यायालयात उभा राहत नाही, आणि हे कच्च्या कैद्यांनाही लागू आहे. तक्रारीची मुदत काही ठिकाणी अवघ्या थोड्या दिवसांची असते. ती चुकली तर तक्रार कितीही खरी असली तरी न्यायालयाचे दार बंद होते. कॅलिफोर्नियात राज्याचे सुधारगृह मंडळ दर दोन वर्षांनी प्रत्येक जेलची तपासणी करते आणि तिचे अहवाल कोणालाही पाहता येतात. बाहेरच्या नातेवाइकाने ते अहवाल उघडून व्यायामाच्या नोंदी पाहाव्यात, त्रुटी लिहिलेली आढळली तर वकिलाच्या हाती द्यावी, आणि आतल्या माणसाच्या तारीखवार नोंदीशी ती ताडून पाहावी.